फोटोत काहीच नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिल्याच दिवशी कागदावर सही घेतली. ‘इथे जे पाहाल, ऐकाल, ते घरी नेणार नाही.’ मी वर न बघता सही ठोकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘अहो, वाचा तरी आधी!’ म्हटलं, चौतीस वर्षं लोकांची हाडं बघतोय, एकाचंही घरी नेलेलं नाही.

काम असं — सगळ्या देशात एकाच वेळी मोजणी चाललीय. चाळिशीपुढच्या किती माणसांचे गुडघे झिजलेत आणि किती जणांचे दुखतात. नावं मुख्य कचेरीनं चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलीत. आमच्या वाट्याला सहाशेच्या वर माणसं. वाचनालयाचा तळमजला दोन महिन्यांसाठी मिळालाय. हॉलमध्ये प्रश्न, बाहेर अंगणात गाडी, गाडीत एक्स-रेचं मशीन. मशीनवर मी आणि माझा जोडीदार, पाळीपाळीनं. प्रश्न विचारायला एक पोरगी आहे, पंचविशीतली. नाव सांगितलं होतं, पण सगळे तिला ‘प्रश्नवाली’च म्हणायला लागलेत. तिलाही चालतं.

घरी हिला सांगितलं. ही बालवर्गाची बाई — उद्यासाठी कागदाचे मासे कापत बसली होती. ‘गुडघे मोजायचे? ते कशाला?’ म्हटलं, सरकारला आकडा हवाय. ‘सापडला की सांगा हं,’ म्हणाली. कात्री थांबली नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सोळा माणसं. बत्तीस गुडघे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक हमाल आला. साठीचा. पाटावर उभं केलं, ‘हलू नका’ म्हटलं, बटण दाबलं. पडद्यावर चित्र आलं आणि मी मनात म्हटलं, आई गं! दोन हाडांच्या मध्ये जागा म्हणून उरलेली नाही. कडांना काटे फुटलेले. झीज आम्ही शून्य ते चार अशी मोजतो. हे सरळ चार. दोन्हीकडे चार! (ठरवायचं काम माझं नाही, वरचे डॉक्टर ठरवतात, तेही नाव न बघता. पण डोळे कुठे ठेवू?)

हळूच विचारलं, ‘फार त्रास होत असेल?’

‘कसला?’

‘गुडघ्यांचा.’

‘छे! सकाळी जरा कुरकुरतात. माझी बायको त्याहून जास्त कुरकुरते.’ आणि गाडीच्या चार पायऱ्या धाडधाड उतरून शीळ घालत गेला.

त्याच्यानंतर एक बाई. पंचेचाळीसची, कचेरीत टायपिंग करते. पायऱ्या चढतानाच डोळ्यांत पाणी. आधी एक पाय वर, मग दुसरा त्याच्या शेजारी. चित्र कोरं. शाळेच्या पुस्तकात छापावं असं! मला वाटलं, काय हे नाटक.

तसं लिहायला नको. पण वाटलं ते वाटलं. वही माझीच आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चहाच्या वेळी डॉक्टरीणबाईंना विचारलंच. हमाल आणि टायपिंगवाली, असं उलटं कसं? माझी खात्री होती, त्या म्हणतील बाई वाढवून सांगते.

म्हणाल्या, ‘हे नेहमीचंच आहे. झीज हाडात दिसते. दुखणं हाडात दिसत नाही. दोन्ही एका माणसात असतीलच असं नाही. म्हणून तर दोन रकाने ठेवलेत. तुमची चित्रं मोजली तर देशाचा एक आकडा येईल, या पोरीची उत्तरं मोजली तर दुसरा.’

‘मग खरा कुठला?’

‘चित्राला औषध देता येत नाही हो,’ म्हणाल्या आणि बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून पडलं. मग बराच वेळ चमच्यानं काढत बसल्या.

चौतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो — फोटोत काही नाही, निश्चिंत जा. आणि लोक निश्चिंत चेहऱ्यानं जायचे. निदान मला तसं वाटायचं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काहीतरी टोचतंय. काय ते ठाऊक आहे, पण लिहायला हात जात नाही. उद्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहूनच टाकतो.

आठ वर्षांपूर्वी ही म्हणाली होती, माझे गुडघे दुखतात. तेव्हा ही सत्तेचाळीसची. म्हटलं, चल, माझ्याकडे काय कमी आहे! सुट्टीच्या दिवशी कामावर घेऊन गेलो. पाटावर उभी केली. शिशाचा एप्रन मीच बांधला, ‘केवढं जड!’ म्हणाली, हसली. चित्र स्वच्छ आलं. मी ते उजेडावर धरून तिला दाखवलं. अगदी ऐटीत. ‘हे बघ. काहीच नाही. विशीतल्या पोरीचे गुडघे आहेत तुझे!’

मला ते कौतुक वाटलं होतं.

ती म्हणाली, ‘बरं.’ त्यानंतर गुडघ्यांचा विषय निघाला नाही. मी समजलो, बरे झाले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

घरात वाकड्या नजरेनं बघायची सवय लागलीय मला. चोरासारखा.

हिला उठताना पाहायचं म्हणून दोन दिवस टपलोय. पण ही माझ्यासमोर उठतच नाही! मी खोलीत असलो की बसून राहते. मी आत गेलो की बाहेरून खुर्ची सरकल्याचा आवाज. योगायोग असेल.

पूर्वी आम्ही रोज संध्याकाळी पुलापर्यंत चालत जायचो. मग तिची मालिका सुरू झाली. मग ती मालिका संपली, दुसरी आली. मग ‘तुम्ही जा, मला कंटाळा’. मीही विचारायचं सोडलं. खरं सांगायचं तर राग आला होता. वाटलं, हिला आता माझ्याबरोबर चालायचंही नको. एकटा जायला लागलो. पुलावर गप्पा मारायला दोघंतिघं मिळाले, मग तेही बरं वाटायला लागलं.

कितवं वर्ष हे? सहावं? सातवं?

१९ फेब्रुवारी, बुधवार

विचारणार होतो. जेवताना म्हटलं, ‘काय गं, पायबिय कसे आहेत?’

‘कोणाचे?’

‘तुझे.’

‘जागेवर आहेत,’ म्हणाली. वर भात वाढला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज धक्काच! पुढच्या आठवड्याची यादी आली. प्रश्नवाली वाचत होती, मध्येच थांबली. ‘काका, हा पत्ता तुमचा ना?’

आमचाच. आणि नाव हिचं. मुख्य कचेरीतल्या त्या यंत्रानं एवढ्या मोठ्या गावातून नेमकं हेच नाव काढावं!

डॉक्टरीणबाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. काम करणाऱ्याच्या घरचं माणूस निघालं तर घ्यायला हरकत नाही. मात्र त्याच्या वेळी काम करणाऱ्यानं हजर राहायचं नाही, चित्र काढायचं नाही, कागद बघायचा नाही. ३ मार्च, दुपारी दोन. त्या दिवशी मशीनवर जोडीदार. मला सुट्टी.

घरी सांगितलं तर हिनं पत्र तीनदा वाचलं. ‘मी येऊ की नको?’ म्हटलं, तुझी मर्जी. जबरदस्ती नाही. ‘काय विचारतात?’ म्हटलं, ते मला सांगता येत नाही. ‘बरं आहे,’ म्हणाली, ‘तेहतीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे, आणि ते तुम्हाला सांगता येत नाही.’

मोठ्यानं हसलो. नंतर वाटलं, हे एवढं हसण्यासारखं होतं का?

२ मार्च, रविवार

हिनं निळी साडी इस्त्री करून ठेवलीय. शाळेच्या तपासणीला नेसते ती.

३ मार्च, सोमवार

आज सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी दहाला डॉक्टरीणबाईंचा फोन. शनिवारची चित्रं मुख्य कचेरीत पोचलीच नाहीत, अकराच्या आत पाठवायला हवीत, आणि ते जोडीदाराला जमत नाही. ‘पटकन येऊन जा. तुमच्या घरच्यांची वेळ दोनची आहे, तोपर्यंत तुम्ही घरी.’ गेलो. माझा कॉम्प्युटर हॉलच्या कोपऱ्यात, प्रश्नवालीच्या टेबलाला लागून. मध्ये एक हिरवा पडदा. बाकी कोणी नव्हतं. चित्रं जायला लागली, एकेक करत. अर्धी गेली असतील.

आणि हिचा आवाज!

‘मुलांना आज लवकर सोडलं. आत्ता आलं तर चालेल का?’

प्रश्नवाली म्हणाली, ‘या ना, टेबल रिकामंच आहे.’ तिला कुठे आठवण की मी पलीकडे आहे! पोरगी टेबलावर आली तेव्हा मी आधीच पडद्यामागे होतो. उठायला हवं होतं. खोकायला हवं होतं. पण दार त्यांच्या बाजूला — बाहेर पडायचं तर दोघींच्या समोरून. वाटलं, मला पाहून ही बिचकेल, परत जाईल. हे मी तेव्हा ठरवलं की आत्ता लिहिताना ठरवतोय, देव जाणे. बसून राहिलो, एवढं खरं.

नाव, वय, काम. मग —

‘गेल्या महिन्यात बहुतेक दिवस गुडघा दुखला का?’

मी पडद्याकडे बघत होतो. मनात म्हणत होतो, नाही म्हण. नाही म्हण गं.

‘हो.’

‘किती दिवस आहे हे?’

‘आठ वर्षं. रोज.’

‘जमिनीवरून उठायला त्रास होतो?’

‘माझं कामच जमिनीवरचं. तीस मुलं. त्यांच्यात बसावं लागतं. दुपारी ती झोपली की उठते. कपाटाचा कोपरा धरून, आधी गुडघ्यावर, मग हळूहळू. म्हणजे कोणी बघत नाही. एकदा एक मुलगी जागी होती. म्हणाली, बाई, तुम्ही रांगता?’

पेनचा आवाज फक्त.

‘कुणाला दाखवलं होतं?’

‘घरातच दाखवलं होतं. फोटो काढला. काही निघालं नाही.’

‘मग पुढे?’

‘पुढे काय? फोटोत नाही म्हणजे नाहीच, असं ठरलं. एकदा खोटं ठरल्यावर माणूस परत काय सांगणार?’

‘दुखण्यामुळे एखादी गोष्ट सोडावी लागली?’

‘पायऱ्या टाळते. बाजार एका फेरीत करते.’ मग म्हणाली, ‘फिरायला जाणं सुटलं. पुलापर्यंत जायचो आम्ही.’

आम्ही.

त्यानंतर दोघी उठून गाडीकडे गेल्या. मी बसून होतो. शनिवारची चित्रं केव्हाच पोचली होती. कॉम्प्युटरवर ‘काम पूर्ण’ असं येऊन थांबलं होतं.

४ मार्च, मंगळवार

कालची चित्रं आज मीच पाठवली. त्यात एक हिचं. नावं नसतात, नुसते आकडे. पण सकाळी दहा ते बारामधली चारच होती, उघडली असती तर ओळखलं असतं. हाडं ओळखतो मी.

नाही उघडलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा एखादं चित्र न बघता पुढे पाठवलं. स्वच्छ असलं काय न् नसलं काय — मला आता ते कशाला हवं? तिनं सांगितलंय ना.

मला नाही सांगितलं. पण सांगितलंय.

६ मार्च, गुरुवार

सही केली होती, इथलं घरी नेणार नाही. आता घरी जाऊन काय करू? माहीत असून माहीत नसल्यासारखं वागायचं. ही आठ वर्षं दुखत असून न दुखल्यासारखी वागली. मला दोन दिवसांत घाम फुटला!

खालच्या फळीवरची जड भांडी वर काढून ठेवली. म्हटलं, झुरळं झालीत. झुरळ एक नाही.

८ मार्च, शनिवार

न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवली. ओट्यापाशी उंच स्टूल आणून ठेवलं. बाजार मी करतो म्हटलं. ही दारात उभी राहून बघत होती.

‘अहो, खरं सांगा. डॉक्टरांनी तुम्हाला काही सांगितलंय का?’

‘कसलं?’

‘जाणार वगैरे आहात का?’

‘कुठे जाणार?’

‘वर!’

म्हटलं, छे गं. ‘मग दुसरं काही केलंयत का? माणूस एकदम इतका चांगला वागायला लागला की दोनच गोष्टी असतात. एक तर दिवस भरले, नाहीतर पाप भरलं.’

पाप भरलं! स्टुलाचा एक पाय डगमगत होता, त्याखाली पुठ्ठा घालत बसलो.

९ मार्च, रविवार

लेकीचा फोन. ती लांबच्या गावी असते. इकडचं तिकडचं झालं. मी आडून आडून विचारलं, ‘तुझी आई अलीकडे जरा हळू चालते का गं?’

ती म्हणाली, ‘बाबा, अलीकडे?’

तिला माहीत आहे. जावयाला माहीत आहे. आईनं सांगून ठेवलं होतं, बाबांना बोलू नका. ‘का?’ म्हटलं. ‘आई म्हणते, त्यांना वाईट वाटेल. त्यांच्या कामावरचा विश्वास आहे तो त्यांचा.’

लोकांची हाडं आरपार बघणारा माणूस! घरातलं माणूस रांगतंय, ते दिसलं नाही.

११ मार्च, मंगळवार

प्रश्नवालीला विचारलं, आतापर्यंत किती झाले? चारशे पंचवीस. ‘हो’ किती? एकशे एकतीस. पोरगी म्हणाली, ‘काका, मला सुरुवातीला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांचंच असतं हे. पण चाळिशीतले कितीतरी आहेत. आणि सगळे एकच वाक्य बोलतात — वयाप्रमाणे चालायचंच. काल एक जण म्हणाला, तो त्रेचाळीसचा आहे!’

चालायचंच. चालता येत नाही म्हणून म्हणायचं, चालायचंच.

१२ मार्च, बुधवार

राहवेना. डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. ३ तारखेला मी पडद्यामागे होतो. सगळं ऐकलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘तुम्ही तेव्हाच का नाही उठलात?’

‘उठलो नाही.’

‘मग तो कागद रद्द करावा लागेल.’

मला वाटलं होतं, मला काढतील. कागदाचं डोक्यातच नव्हतं! म्हटलं, बाई, चूक माझी आहे, शिक्षा मला करा. तिचं उत्तर खरं आहे. मी शपथेवर सांगतो. तो कागद काढू नका. आठ वर्षं तिचं कोणी धरलं नाही. आता देशाच्या मोजणीत धरलं, तर तेही खोडायचं? तेही माझ्याच पायी?

आवाज चढला असावा. जोडीदार दारातून डोकावून गेला.

त्या शांतपणे म्हणाल्या, ‘नियम तुम्हाला शिक्षा करायला नाही केलेला. उत्तर जपायला केलाय. आपलं माणूस ऐकत असलं की माणूस वेगळं बोलतं. कमी तरी बोलतं, जास्त तरी बोलतं.’

‘पण तिला माहीतच नव्हतं मी आहे ते!’

‘ते तुम्ही म्हणता. कागदावर मला तसं लिहिता येत नाही.’

तिचा कागद रद्द. तिच्या जागी यादीतलं पुढचं कोणीतरी. मी कामावर राहिलो — दुसरा माणूस मिळेना म्हणून.

१३ मार्च, गुरुवार

सोळा माणसं. प्रत्येकाला पाटावर चढताना हात दिला. याआधी का देत नव्हतो?

१६ मार्च, रविवार

आज बोललो. पडद्याचं नाही — ते मला बोलता येत नाही, सही आहे. पण आठ वर्षांपूर्वीचं माझं आहे, त्यावर कोणाची सही नाही.

सकाळी ही खिडकीत बसली होती, वर्गासाठी दोऱ्यात मणी ओवत. मी समोर बसलो. म्हटलं, ‘तुझा फोटो काढला होता बघ. एकदा.’

‘हं.’

‘चित्र स्वच्छ होतं, ते खरंच होतं. मी खोटं नाही बोललो. पण मी चित्राला विचारलं. तुला विचारलंच नाही.’

मणी ओवणं चालू.

‘तू म्हणालीस दुखतं, मी म्हटलं नाही दुखत. तुझ्या गुडघ्याबद्दल मी म्हटलं! आता इथे बघतोय — कोऱ्या चित्रावर रडणारी माणसं येतात. पहिल्या आठवड्यात मला ते नाटक वाटलं. तुझंही तसंच वाटलं असेल मला तेव्हा. चुकलो मी.’

हिनं दोऱ्याला गाठ मारली. दातांनी तोडला. म्हणाली, ‘उशीर केलात.’

‘हो.’

‘चहा टाका. मी उठते.’

आणि माझ्यासमोर उठली. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन, ओठ मिटून, तीन टप्प्यांत. मी हात पुढे केला तर मानेनंच ‘नको’ म्हणाली. पण मला खोलीबाहेर घालवलं नाही.

१९ मार्च, बुधवार

डॉक्टरीणबाईंना विचारलं — कोणाचं म्हणून नाही, असंच — अशा माणसानं करायचं काय? विश्रांती?

‘उलट! हलायचं. मांडीचे स्नायू घट्ट झाले की गुडघ्यावरचा भार कमी होतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, धरायचा, सोडायचा. आणि चालायचं — थोडं थोडं, झेपेल तेवढं. कंटाळा येतो म्हणून माणसं सोडतात. दोघांनी मिळून केलं तर सोडत नाहीत.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘तपासायला घेऊन या त्यांना. फोटो नको. नुसतं बोलायला.’

२२ मार्च, शनिवार

संध्याकाळी म्हटलं, ‘चल.’

‘पुलापर्यंत नाही जमायचं मला.’

‘पूल कोण म्हणतंय? औषधाच्या दुकानापर्यंत.’

दुकान म्हणजे आमच्या दारापासून नववं घर. निघालो. मी सवयीनं दोन पावलं पुढे. वळून बघितलं तर ही थांबलेली. ‘हेच,’ म्हणाली. ‘हेच मला आवडायचं नाही. तुम्ही पुढे जायचात आणि वळून बघायचात. म्हणून मालिका लावली.’

परत मागे आलो. तिच्या चालीनं चाललो. इतकं हळू चालणं सोपं नाही! तिनं खांद्यावर हात ठेवला. बराच जड. आठ वर्षांत हा हात कुठे ठेवत होती कोण जाणे.

दुकानापाशी पाच मिनिटं बाकावर बसलो. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, काय हवंय? ही म्हणाली, ‘काही नको. आम्ही फिरायला आलोय.’

२५ मार्च, मंगळवार

पाय सरळ, दहा आकडे, खाली. मीही करतो तिच्याबरोबर. माझाच डावा कटकट वाजतो!

‘तुमचा फोटो काढून घ्या,’ म्हणाली.

२७ मार्च, गुरुवार

शेवटचा दिवस. एकूण सहाशे बारा. ‘हो’ म्हणणारे एकशे चौऱ्याऐंशी. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना चहा दिला. प्रश्नवालीनं टाचणी लावून गठ्ठा बांधला, मुख्य कचेरीत पाठवला. सगळ्या देशातून असे गठ्ठे जातील, मग कधीतरी एक आकडा छापून येईल. त्यात ही नसेल. कितीही समजूत घातली तरी ते मनातून जात नाही.

२८ मार्च, शुक्रवार

हिला सरकारी पत्र आलं — ‘काही कारणानं आपली उत्तरं मोजणीत धरता आली नाहीत.’ कारण मीच आहे म्हटल्यावर गप्प राहता येईना. सही गेली खड्ड्यात. सांगितलं, ‘मी पडद्यामागे होतो. तू बोलत होतीस तेव्हा.’

‘माहीत आहे,’ म्हणाली. ‘पडद्याखालून पाय दिसत होते तुमचे. ते मोजे मीच रफू केलेत.’

मी खाली माझ्या पायांकडे बघितलं.

‘तुम्ही होतात म्हणून तर बोलले. नसतात, तर परक्या पोरीला कशाला सांगू? नाही म्हणाले असते आणि उठले असते.’

सहाशे बारा माणसं. त्यातली चारशे अठ्ठावीस ‘नाही’ म्हणाली.